पाहुणा की घरचा

आधी माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारी माणसं हिमालयात जातात, समुद्रापलीकडे जातात. मी नाशिकमधून निघून नाशिक जिल्ह्यातच पोचलो, आणि तेही माझ्या वडिलांच्याच गावाला. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे नीट उत्तर नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहिलेलं वाचून चूक दाखवणारंही घरी कोणी नाही. कॉलेजच्या अंकासाठी मॅडमनी दोनदा विचारलं म्हणून लिहितो आहे. पाड्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या देवाधर्माबद्दल लिहिणार आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी घेतलेली नाही.

अंबड

आम्ही कोकणा आदिवासी. हे वाक्य मी आता एका दमात लिहिलं, पण पावसाळ्यापर्यंत मला ते फक्त शाळेच्या दाखल्यावरून माहीत होतं. माझे वडील काशिनाथ सुरगाण्याकडचे. तरुणपणी दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीला आले आणि तिथून नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागले. आई सिन्नरकडची, वेगळ्या जातीची. आजी गेल्यानंतर वडील गावाला गेले नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं. चाळीत त्यांच्या बोलण्याला लोक हसायचे, म्हणून त्यांनी ते बोलणं सोडलं. बोलणं सुटल्यावर गावही सुटलं.

मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो आदिवासींच्या जागेवर, आणि तोही तात्पुरता. जमातीचा दावा खरा आहे असं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र मुदतीत आणलं नाही, तर जागा जाणार होती. चौकशीला एक साहेब घरी आले. स्वभावाने चांगले होते, चहा घेतला, पंखा चांगला चालतो म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारू लागले. तुमच्या घरचा देव कोणता? कणसरी म्हणजे कोण? नवं धान्य कसं खाता? चार वाक्यं तुमच्या बोलीत बोल बघू.

मी खाली बघत राहिलो. वडील तोंड उघडणार होते, तेव्हा साहेबांनी हात वर केला. "तुम्ही नका. त्याला सांगू द्या." आणि मला म्हणाले, "हे तुझं आहे ना, पोरा? मग येत कसं नाही?"

त्या दिवसापासून मला भीतीच बसली. वर्गातल्या एकाने मोबाइलवर पीडीएफ पाठवली, "चौकशीत विचारले जाणारे प्रश्न व उत्तरे". सनावळ्या पाठ कराव्यात तशी मी ती पाठ केली. देव, लग्न, बारसं, मरण, सगळं पाठ. आणि जसजसं पाठ होत गेलं तसतशी एक वेगळीच भीती वाटायला लागली. मी स्वतःच्याच घरात चोरी करायला निघालोय, असं वाटायचं.

"गावाला जाऊन ये," एका सकाळी वडील म्हणाले. "काकी आहे. माझ्या थोरल्या भावाची बायको. ती सांगेल."

"तुम्ही पण चला ना."

"सुट्टी नाही." डबा उचलत म्हणाले, "आणि कुठल्या तोंडाने येऊ?"

फाट्यावर

वणीपर्यंत बसमध्ये गर्दी होती. बोरगावनंतर गाडी रिकामी झाली आणि धुकं आत यायला लागलं. वळणावर ड्रायव्हर हॉर्न दाबून धरायचा आणि मी समोरच्या सीटचा दांडा. कंडक्टरने मला एका फाट्यावर उतरवलं. गाडी गेल्यावर इतकं शांत झालं की माझ्याच दप्तराच्या चेनचा आवाज मोठा वाटला. मोबाइलला रेंज नव्हती. चारी बाजूंनी हिरवंगार, आणि माणूस एकही नाही. अंबडला रात्रपाळीच्या भोंग्यातसुद्धा झोप लागते मला. इथे भर दुपारी घाबरलो.

झाडीतून एक म्हातारा आला. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, कमरेला कोयता. समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कोणाचा?"

"माझं नाव सागर. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला..."

"नाव नाय इचारलं. कोणाचा?"

"अंबडचा."

तो हसला नाही. मला वरपासून खालपर्यंत बघून परत म्हणाला, "आरं, बापाचं नाव असंल का नाय?"

"काशिनाथ. काशिनाथ सोनू."

"सोनूचा काशा?" त्याने कोयत्याच्या मुठीवरचा हात काढला. "जिता हाय व्हय?"

तो पाड्याचा कारभारी होता. सगळे त्याला कारभारी बाबा म्हणतात. वाटेत एक ओढा लागला. फरशी पुलावरून गुडघाभर गढूळ पाणी वाहत होतं. बाबा काठीने तळ चाचपत पलीकडे गेला. मी मधोमध अडकलो. पाय उचलला की पाणी ओढायचं. "खाली बघू नको, माझ्याकडं बघ," तो ओरडला. पलीकडे गेल्यावर एवढंच म्हणाला, "काशा तर हितं म्हशीच्या शेपटाला धरून पोहायचा." मला पोहता येत नाही, हे मी सांगितलं नाही.

काकीचं घर

कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात कोंबड्या. काकी दारात बसून उडीद निवडत होती. कारभारी बाबाने "काशाचा पोरगा" म्हणून सांगितलं, तर तिने आधी त्यालाच विचारलं, "कोणी सांगितलं? यानं?" मग मला म्हणाली, "ये. बिस." बिस म्हणजे बस. मी उभाच राहिलो, तेव्हा तिने हाताने जमीन थापटून दाखवली.

काकीचं बोलणं मला अर्धंच समजायचं, म्हणून पुढे लिहिलंय ते मला समजलं तसं. तिचा मुलगा यशवंतदादा बोरगावला एका दुकानात माल उतरवायला जायचा, त्याचं मराठी माझ्यासारखंच. त्याची बायको सुनंदावहिनी. तिचे दिवस भरत आले होते. पहिली खेप. ओढ्याला पाणी असलं की गाडी पाड्यापर्यंत येत नाही, हे मला पहिल्याच जेवणात कळलं. नागलीची म्हणजे नाचणीची भाकर, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी. घरी आम्ही चपाती खातो. ही भाकर पोटात बसली की उठायची नाही, असं वाटलं. बिनदुधाचा, गूळ घातलेला चहा मात्र दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी मी भीत भीत पीडीएफ काढली आणि म्हटलं, "काकी, एवढं बरोबर आहे का सांगाल?" लग्नाबद्दलचं एक उत्तर वाचून दाखवलं. काकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि यशवंतदादाला विचारलं, "हे कुठल्या गावचं लगीन?"

"मोबाइलातल्या गावचं," तो म्हणाला.

वहिनी हसताना पोटाला हात लावून बसली. "भाऊ, तुमचं लगीन असंच करू. नवरी पण मोबाइलातलीच बघा."

मी पण हसलो. पण आतून घाबरलो होतो. पाठ केलेलं चुकीचं होतं, आणि खरं काय ते एका मुक्कामात येणारं नव्हतं.

वेलावरची काकडी

दुसऱ्या दिवशी यशवंतदादाबरोबर शेतावर गेलो. उतारावर नागलीचं हिरवं पीक, मध्ये उडीद, आणि कुंपणावर काकडीचे वेल चढलेले. वाटेत शेंदूर लावलेला एक दगड होता, त्यावर वाघ कोरलेला. दादाने हात जोडले म्हणून मीही जोडले. "खरा वाघ येतो का?" मी विचारलं. "वाघ नाय, बिबट्या येतो. मागल्या आठवड्यात कुत्रा नेला," तो म्हणाला. भाजी महाग झाली हे सांगावं, तसा त्याचा आवाज होता. मग तो बांध फुटलाय का बघायला खाली उतरला आणि मी एकटा राहिलो.

सकाळपासून चहावर होतो. पानाआड एक काकडी दिसली, कोवळी, पांढरट हिरवी. तोडली, पँटला पुसली आणि खाल्ली. इतकी गोड काकडी मी आजपर्यंत खाल्लेली नाही. हे लिहितानाही थोडी भीती वाटते, पण खरं आहे.

वहिनी न्याहारी घेऊन वर येत होती. माझ्या हातातलं देठ तिने पाहिलं आणि टोपली तिथेच खाली ठेवली.

"भाऊ, काय केलं हे!"

तेव्हा मला कळलं. शेतातलं नवं पीक, मग ती काकडी का असेना, आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, आणि गावदेवाला दाखवायचं असतं. पाड्याचं नवं खायचा दिवस अजून यायचा होता. तोपर्यंत लहान पोरंसुद्धा वेलाला हात लावत नाहीत. कोणी आधी खाल्लं तर त्या घराला दोष लागतो. घरात आजार येतो, गोठ्यात बिबट्या येतो. आणि घरात गरोदर बाई असेल तर... यापुढचं वाक्य कोणीच पुरं केलं नाही.

अंबडला असतो तर मी म्हणालो असतो की काकडीने असं काही होत नाही. तिथे नाही म्हणू शकलो. वहिनीचा चेहरा माझ्यासमोर होता. आणि ओढ्याला पाणी होतं.

कारभारी बाबा आला. पाड्यावरची चार माणसंही अंगणात जमली. बाबाने सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ निकाल दिला. "पाहुणा हाय. पाहुण्याला काय म्हाईत? पाहुण्याच्या चुकीचा दोष घराला लागत नाय. दुपारच्या गाडीला बसवून द्या. इषय संपला."

यशवंतदादाने सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. माणसं उठायला लागली.

"पाहुणा कसा?" काकी म्हणाली.

ती उडीद निवडायचं सूप घेऊनच बसली होती. तिने वर पाहिलंही नाही. "याचा बाप ह्या उंबऱ्यातनं गेला. हा पोरगा सोनूचा नातू. दोष लागला."

"आई, गप बस ना!" दादा चिडला. "दोष घेतला तर कोंबडं द्यावं लागंल, घराला सगळ्यांच्या मागून नवं खावं लागंल. तेही करू. पर हिच्याकडं बघ की. हिच्यावर कशाला ओढून घेती?"

"मी वढते का? जे हाय ते हाय."

"वीस वर्सं कोण आलं नाय तिकडनं. आज एक काकडी खाल्ली तर घरचा झाला व्हय?"

हे मला लागलं, पण त्याचं काही चुकत नव्हतं. बाबाने दोघांना थांबवलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. "तूच सांग. पाहुणा का घरचा?"

तेव्हा मनात काय आलं ते लिहिताना लाज वाटते. सगळ्यात आधी कॉलेजची जागा आली. चौकशीचे साहेब इथे येऊन बाबालाच विचारतील, हा तुमचा भाऊबंद का? आज पाहुणा म्हटलं तर उद्या बाबा काय सांगेल? आणि दुसऱ्याच क्षणी वहिनी दिसली, खांबाला टेकून उभी. घरचा म्हटलं तर दोष तिच्या घरावर येतो. माझ्या एका प्रमाणपत्रासाठी मी तिच्या पोटावर काय ओढून घेणार होतो? पाहुणा म्हणावं आणि गाडीला बसावं, असं ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात वहिनी बोलली. "बाबा, दोष लागायचा तो काकडी खाल्ली तवाच लागला. आता पाहुणा म्हटल्यानं देव फसणार हाय व्हय?"

मग ती मला म्हणाली, "घाबरू नका, भाऊ. घाबरायचं तर सगळे मिळून घाबरू. एकट्यानं लय जड जातं."

"घरचा," मी म्हणालो. बाबाला ऐकू गेलं नाही. परत म्हणावं लागलं.

देवापुढं

त्याच दुपारी गावदेवाकडे नेलं. सागाच्या झाडाखाली दगड, बाजूला मातीचे घोडे. मला अनवाणी बसवलं. बाबाने हातात तांदूळ दिले आणि सांगितलं, माफी आपल्या नावाने मागायची नाही, मागच्यांच्या नावाने मागायची. घराण्यातली नावं घ्यायची, शेवटी आपलं.

"सागर काशिनाथ," मी सुरू केलं. "काशिनाथचा बाप सोनू." आणि थांबलो. त्यापुढे मला काहीच माहीत नव्हतं. पीडीएफमध्ये सगळ्या जमातीचे देव होते, माझा पणजोबा नव्हता.

पावसाचे थेंब पानांवरून मानेवर पडत होते. कोंबडं दादाच्या काखेत ओरडत होतं. मला वाटलं, आता सगळे म्हणणार, बघा, पाहुणाच आहे.

"सोनूचा बाप मंगळ्या," काकी मागून म्हणाली.

"सोनूचा बाप मंगळ्या."

"मंगळ्याचा बाप देवजी. त्याला वाघानं धरला, तरी जगला."

"मंगळ्याचा बाप देवजी," मी म्हणालो, आणि वाघाचं म्हणायचं की नाही ते न कळून तेही म्हणून टाकलं. मागे कोणीतरी हसलं. बाबा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, देवाला ठाऊक हाय ते."

तांदूळ वाहताना अर्धे बाहेरच पडले. मला दर्शन वगैरे झालं नाही. स्वतःचा शोध लागला असंही नाही. फक्त भीती वाटत होती, आणि आजूबाजूला बसलेल्या सगळ्यांना तीच भीती वाटत होती. अशा भीतीत मी याआधी कधी बसलो नव्हतो. अंबडला प्रत्येक जण आपापली भीती घेऊन आपापल्या खोलीत असतो.

निघताना ओढ्याचं पाणी उतरलं होतं. दादा फाट्यापर्यंत सोडायला आला. गाडी दिसली. मग म्हणाला, "रागानं बोललो. पर हिला काय झालं, तर मी तुला सोडणार नाय. घरचा हाय म्हणून सांगतो."

परत नाशिक

सुनावणीला तिघे जण बसले होते. पाठ केलेलं काही आठवलं, काही नाही. बोलीत चार वाक्यं म्हणायला सांगितल्यावर काकीची दोनच आली, त्यातलं एक "ये, बिस". समोरचे साहेब हसले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "नवं कसं खातात?"

मी काकडीचं सांगितलं. खाल्लेली, दोष, पाहुणा, घरचा, तांदूळ, सगळं. सांगता सांगता लक्षात आलं की मी स्वतःच्याच विरोधात साक्ष देतोय. ज्याला एवढंही माहीत नव्हतं, तो कसला आदिवासी? पण आता थांबता येत नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाहेर थांबा."

बाहेर थांबलो. नंतर घरी थांबलो. आठवडे गेले. मुदत एकदा वाढली. वर्गात हजेरी घेताना माझं नाव आलं की वाटायचं, हे शेवटचं.

पण हळूहळू एक विचित्र गोष्ट झाली. वेबसाइटवर निकाल बघायचं मी विसरायला लागलो, आणि पाड्यावर फोन लावायची हिंमत होईना. तिकडून काय ऐकायला मिळेल, याची भीती जास्त होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, काकडीने कधी कोणाचं वाईट झालंय का? वडील मात्र संध्याकाळी कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "यशवंताचा फोन?" मी नाही म्हणायचो.

एके दिवशी दुपारी मोबाइलवर मेसेज आला. दावा वैध. मी तो तीनदा वाचला. आई शेजारणीकडे ओरडत गेली आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून पेढे घेऊन आली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप झाला. पण पाड्यावरून अजून काही कळलं नव्हतं.

वडील आले. मेसेज पाहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई पेढ्यांचा पुडा घेऊन देव्हाऱ्याकडे वळली आणि फोन वाजला.

फोन यशवंतदादाचा होता. वारा इतका होता की तो फाट्यावरच उभा असणार.

"मुलगी झाली!" तो ओरडला. "पहाटे. गाडी वेळेवर आली. दोघी बऱ्या हायेत. आन ऐक, काकाला सांग, पाचवी होईस्तोवर देवाला हात लावू नका म्हणावं. काकूला पण सांग. आई लय बजावून ऱ्हायली."

फोन कट झाला. वडील माझ्याकडे बघत होते. आईचा हात देव्हाऱ्यापाशी थांबला होता.

"काय म्हणाला?" वडिलांनी विचारलं. "तो म्हणाला तसंच सांग."

"मुलगी झाली," मी म्हणालो. "दोघी बऱ्या आहेत. सोयर आहे. आपल्यालाही."